रिकामे खोके समुद्र ओलांडत नाही : पुठ्ठ्याच्या खोक्याचा परदेश व्यापार

१/
भारताच्या निर्यातीच्या आकडेवारीत नाशिकची द्राक्षे सापडतात, तिरुपूरचे कपडे सापडतात, औषधे सापडतात. हा सारा माल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत बसून परदेशी गेला, ती खोकी मात्र त्या आकडेवारीत शोधूनही सापडत नाहीत. आजचा धागा या नोंद नसलेल्या प्रवाशाविषयी. (‘खोके’ या शब्दाला महाराष्ट्रात अलीकडे जो अर्थ चिकटला आहे, तो इथे अभिप्रेत नाही.)

२/
ही नोंद का नसते? जगातील बहुतेक देश आयात-निर्यातीच्या मालाचे वर्गीकरण १९८८ साली अमलात आलेल्या ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ या समान पद्धतीने करतात. वर्गीकरणाच्या तिच्या सर्वसाधारण नियमांपैकी पाचवा नियम असे सांगतो की, मालासोबत आलेले नेहमीचे वेष्टन त्या मालाच्याच सदरात धरावे. म्हणजे द्राक्षांचे खोके कस्टमच्या दृष्टीने द्राक्षांतच जमा. कागदी खोक्यांना ४८१९ हे स्वतंत्र सदर आहे. पण त्यात मोजली जातात ती रिकामी, विक्रीची वस्तू म्हणून गेलेली खोकी.

३/
आणि रिकामी खोकी फार लांब जातच नाहीत. घडी घातलेल्या खोक्यांचे गठ्ठे ट्रकमध्ये रचले, तरी पन्हळींच्या पोकळीत हवाच अधिक असते. ट्रक जागेने भरतो, वजनाने नाही. भाडे मात्र पूर्ण द्यावे लागते. त्यामुळे खोक्यांचा कारखाना गिऱ्हाइकाच्या आसपासच उभा राहतो. दोन-तीनशे किलोमीटरपलीकडे हा धंदा सहसा परवडत नाही. एवढ्या स्थानिक धंद्याला परदेश व्यापाराचा इतिहास असेल, असे वाटत नाही. तो आहे, पण तो खोक्याच्या आधीच्या कागदात, खोक्यानंतरच्या रद्दीत आणि खोके चालेल की नाही हे ठरवणाऱ्या नियमांत विखुरलेला आहे.

४/
आरंभ मात्र खोक्यापासून होत नाही, टोपीपासून होतो. १८५६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड हीली आणि एडवर्ड ॲलन यांनी पन्हळी पाडलेल्या कागदाचे पेटंट घेतले. त्या काळच्या उंच टोप्यांना आतून अस्तर हवे होते. डोक्याला मऊ लागेल, घाम टिपेल आणि टोपीचा आकारही धरून ठेवील असे. खाचा असलेल्या दोन रुळांमधून कागद दाबून काढला, की तो लाटालाटांचा होई. या कागदात कधी काळी सामान भरले जाईल, असा विचार त्यांच्या पेटंटात नाही.

५/
तो विचार पंधरा वर्षांनी अमेरिकेत आला. १९ डिसेंबर १८७१ रोजी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स याला पन्हळी कागदात बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्याच्या कल्पनेचे पेटंट मिळाले. तोपर्यंत काचसामान पेंढ्यात आणि भुश्शात भरले जाई. जोन्सच्या कागदाला एक खोड होती : ताणला की लाटा सपाट होत. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग याने लाटांच्या पाठीला सपाट कागद खळीने चिकटवला आणि ती खोड संपली. दोन सपाट कागद आणि मधे लाट, हा आजचा पन्हळी पुठ्ठा. कारखान्यात त्याला ‘थ्री प्लाय’ म्हणतात. लाटांचे दोन थर असले की ‘फाइव्ह प्लाय’.

६/
छपरावरचा पन्हळी पत्रा सपाट पत्र्याहून का वाकत नाही, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या पुठ्ठ्याचे रहस्य वेगळे सांगायला नको. प्रत्येक लाट ही एक कमान असते. कमानींची रांग उभी धरली, की कागदावर माणूस उभा राहू शकतो.

७/
आता परदेश व्यापाराचा पहिला धडा. जोन्सचे पेटंट ब्रुकलिनच्या थॉम्पसन आणि नॉरिस यांच्या कंपनीने विकत घेतले. धंदा वाढला तेव्हा त्यांनी युरोपला पुठ्ठा पाठवत बसण्याचा मार्ग धरला नाही. १८८० च्या दशकात त्यांनी इंग्लंड, जर्मनी आणि फ्रान्स येथे कारखानेच काढले. समुद्र ओलांडला तो यंत्राने आणि पेटंटाने. या धंद्यात पुढे शंभर वर्षे हेच होत राहिले.

८/
त्याच ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर नावाचा, मूळचा स्कॉटलंडचा, कागदी पिशव्यांचा कारखानदार होता. १८७९ च्या सुमारास त्याच्या छापखान्यात बियाण्यांच्या पिशव्या छापल्या जात असताना घडी उठवण्याची धातूची पट्टी जरा वर सरकली आणि पिशव्या कापल्या गेल्या. नुकसान झाले, पण एकाच दाबात कापणे आणि घडी पाडणे दोन्ही साधता येईल, हे गेअरच्या ध्यानात आले. त्यातून पातळ पुठ्ठ्याची, घडी घालून सपाट ठेवता येणारी डबी आली. बिस्किटांचे आणि न्याहारीच्या धान्याचे कारखाने तिचे पहिले मोठे गिऱ्हाईक ठरले. पुढे हीच कापण्याची रीत पन्हळी पुठ्ठ्यालाही लागू झाली आणि खरे खोके जन्मले.

९/
तिसरा धागा रसायनशास्त्राचा. १८७९ मध्येच डान्झिग (आजचे पोलंडमधील ग्डान्स्क) येथे कार्ल डाल याने लाकडाचा लगदा शिजवण्याची सल्फेट पद्धत शोधली. तिच्यातून निघणारा कागद तपकिरी, पण विलक्षण चिवट होता. जर्मन आणि स्वीडिश भाषांत ‘क्राफ्ट’ म्हणजे ताकद. आज वापीपासून मुझफ्फरनगरपर्यंतच्या कागद गिरण्यांत तोच शब्द बोलला जातो. स्वीडनने, फिनलंडने आणि पाइन वृक्षांच्या जोरावर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांनी हा कागद रिळांच्या रूपात जगाला विकला. खोके परदेशी जात नव्हते, पण त्याची कातडी जात होती.

१०/
आता या कथेतला खरा संघर्ष. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत लांबचा माल जाई तो रेल्वेने आणि लाकडी पेट्यांत. पुठ्ठ्याचे खोके स्वस्त होते, हलके होते. आणि हलके असणे हाच त्याचा गुन्हा ठरला. भाडे वजनावर आकारले जाई. लाकडी पेटीचे जड वजन म्हणजे रेल्वेचे उत्पन्न. शिवाय लाकूड कंपन्या स्वतः रेल्वेच्या मोठ्या गिऱ्हाईक होत्या.

११/
रेल्वेची बाजू अगदीच खोटी होती असे नाही. आरंभीची खोकी कशीही बनवली जात. ती फुटली, की नुकसानभरपाई रेल्वेच्या माथी येई. परंतु त्यावर रेल्वे कंपन्यांनी काढलेला उपाय सरळ नव्हता. तोच माल, तेच अंतर. पण पुठ्ठ्याच्या खोक्यात भरला असेल, तर भाडे लाकडी पेटीपेक्षा जास्त. खोक्याच्या किमतीत वाचलेला पैसा भाड्यात परत जाई.

१२/
लॉस एंजेलिसच्या प्रिडहॅम या खोके बनवणाऱ्या कंपनीने याविरुद्ध आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे दाद मागितली. पुठ्ठ्याचे खोके माल सुरक्षित नेऊ शकते काय, आणि नेऊ शकत असेल तर जादा दर न्याय्य आहे काय, असा प्रश्न होता. १९१४ मध्ये आयोगाने निकाल दिला : हा भेदभाव अन्याय्य आहे. पॅकेजिंगच्या इतिहासात ‘प्रिडहॅम खटला’ म्हणून ओळखला जाणारा तो हाच. माझ्या मते पुठ्ठ्याच्या खोक्याची खरी जन्मतारीख १८७१ नव्हे, १९१४ आहे. वस्तू त्रेचाळीस वर्षे आधी सिद्ध झाली होती. तिला रेल्वेच्या डब्यात समान हक्काने बसायला मिळाले ते या वर्षी.

१३/
निकालासोबत अटी आल्या. किती वजनाच्या मालाला किती ताकदीचा पुठ्ठा, खोक्याची लांबी-रुंदी-उंची मिळून किती, हे रेल्वेच्या ‘नियम ४१’ मध्ये बांधले गेले आणि खोके बनवणाऱ्याने आपल्या नावाचा गोल शिक्का तळाशी छापायचा, असे ठरले. पुठ्ठा किती दाबाला फुटतो, हे मोजण्याचे यंत्र जॉन मलेन याने १८८७ मध्येच मॅसॅच्युसेट्स राज्यात बनवले होते. ते मोजमाप या शिक्क्यात आले. अमेरिकेहून आलेले एखादे खोके हाती पडले, तर तळ पाहा. तो गोल शिक्का आजही असतो. आपल्याकडचे कारखानदारही ‘बर्स्टिंग किती?’ हा प्रश्न त्याच यंत्राच्या भाषेत विचारतात.

१४/
जमीन सर झाली. समुद्र बाकी होता. जहाजाच्या पोटात माल एकेक नग उचलून रचला जाई, आणि गोदी कामगाराच्या हातात लोखंडी आकडा असे. आकड्यापुढे कागदाचे काय चालणार? (खोक्यांवर आजही फुली मारलेल्या आकड्याचे चित्र छापतात, ते याच कारणाने.) दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याची रसद समुद्रापार जाऊ लागली, तेव्हा पाण्यात भिजूनही टिकणाऱ्या खास पुठ्ठ्याची ‘व्ही’ खोकी बनवावी लागली. ती युद्धाची गरज होती; व्यापाराला तो खर्च पेलणारा नव्हता.

१५/
व्यापारासाठी मार्ग काढला तो दुसऱ्याच खोक्याने. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन याचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पोलादी कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. कारखान्यात भरलेला कंटेनर गिऱ्हाइकाच्या गुदामातच उघडू लागला आणि मधला प्रत्येक हात, प्रत्येक आकडा गळाला. पाऊस-पाण्याचा मारा पोलादाने झेलायचा, आतला माल कागदाने सांभाळायचा, अशी कामाची वाटणी झाली. कंटेनरच्या क्रांतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या क्रांतीने कागदाला दर्यावर्दी केले, ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही.

१६/
लाकडी पेटीचा उरलासुरला आधार एका भुंग्याने काढून घेतला. १९९६ मध्ये ब्रुकलिनमध्ये, होय, गेअरच्याच ब्रुकलिनमध्ये, रस्त्याकडेची झाडे पोखरणारा लांब मिशांचा आशियाई भुंगा सापडला. चीनहून आलेल्या लाकडी पेट्या-फळ्यांतून तो आला असावा, असा निष्कर्ष निघाला. १९९८ मध्ये अमेरिकेने चिनी लाकडी वेष्टनांवर निर्बंध घातले. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम आला : वेष्टनाचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवा किंवा धुरी द्या, आणि तसा शिक्का मारा. कागद आणि पुठ्ठा या नियमातून मुक्त होते. १९१४ पर्यंत नियम लाकडाच्या बाजूने होता. आता तो कागदाच्या बाजूला आला.

१७/
आता भारत. मुंबईत १९६६ साली ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग’ ही संस्था स्थापन झाली. ती कोणत्या मंत्रालयाच्या छत्राखाली, हे पाहण्यासारखे आहे : वाणिज्य मंत्रालयाच्या. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला वाटेत फुटणारा, भिजणारा माल परवडत नव्हता. वेष्टन हा आपल्या शासनाच्या लेखी आधी निर्यातीचा प्रश्न होता.

१८/
महाराष्ट्रात हा प्रश्न शेताच्या बांधापर्यंत पोहोचला तो द्राक्षांमुळे. १९९१ मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांना एकत्र आणून ‘महाग्रेप्स’ उभी राहिली आणि युरोपची बाजारपेठ डोळ्यांपुढे आली. द्राक्षपेटी शीतकंटेनरमध्ये आठवडेच्या आठवडे दमट थंडीत राहते, आणि पुठ्ठ्याचा सर्वांत मोठा शत्रू दमटपणा. कोरड्या हवेत खोके जेवढे वजन पेलते, त्याच्या निम्मेही ते अशा हवेत पेलत नाही. सर्वांत खालची पेटी दबली, की वरची चळत कलते आणि द्राक्षमणी फुटतात. मालाचा दर तिकडे युरोपात पडतो आणि फटका इकडे निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला बसतो.

१९/
म्हणून निर्यातीच्या पेटीला लांब तंतूंचा, ताज्या लगद्याचा क्राफ्ट कागद लागतो. सूचिपर्णी वृक्षांचा असा लगदा आपल्याकडे विपुल नाही. तो कागद अनेकदा बाहेरून येतो. म्हणजे द्राक्षे निघण्याआधी त्यांच्या पेटीचा कागद एक समुद्रप्रवास करून आलेला असतो. आंब्याची कथा वेगळी. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडले, ते विकिरणाच्या अटीवर. लासलगावच्या केंद्रात आंबा पेटीसकट विकिरणाखालून जातो. पेटीच्या हवेच्या छिद्रांतून कीटक आत शिरू नये, हीही अट. तिथे पेटी हे नुसते वेष्टन राहत नाही, कायद्याचा भाग होते.

२०/
आता प्रवासाचे दुसरे टोक. गिऱ्हाइकाने खोके उघडून फेकले, की एक गंमत घडते : मालात लपलेल्या खोक्याला आकडेवारीत प्रथमच स्वतःची जागा मिळते. सदर ४७०७, रद्दी कागद. व्यापारी भाषेत ‘ओसीसी’, म्हणजे जुनी पन्हळी खोकी.

२१/
या रद्दीचे मोल झांग यिन या चिनी उद्योजिकेने ओळखले. १९८० च्या दशकात हाँगकाँगमध्ये रद्दीचा धंदा करून १९९० मध्ये ती अमेरिकेत गेली आणि पतीसह गावोगावच्या कचरा डेपोंवरून जुनी खोकी मिळवू लागली. हिशोब साधा होता. चीनहून माल भरून आलेले कंटेनर कॅलिफोर्नियातून बव्हंशी रिकामे परतत, म्हणून परतीचे भाडे नाममात्र. त्यांत खोक्यांच्या गाठी भरायच्या. १९९५ मध्ये तिने दक्षिण चीनमधील डोंगग्वान येथे ‘नाइन ड्रॅगन्स’ ही कागद कंपनी काढली. १९९८ च्या महापुरानंतर चीनने नैसर्गिक जंगलांतील तोडीवर बंदी आणली, तेव्हा रद्दीचे महत्त्व आणखी वाढले. २००६ मध्ये ‘हुरून’च्या यादीत ती चीनमधील सर्वांत श्रीमंत व्यक्ती ठरली, त्या स्थानी पोहोचलेली पहिली स्त्री.

२२/
चक्र पूर्ण झाले होते. अमेरिकेचे जुने खोके चीनमध्ये जाई, तिथे त्याचा कागद, कागदाचे नवे खोके, खोक्यात दूरचित्रवाणी संच किंवा बूट, आणि परत अमेरिका. २०१६ मध्ये चीनने सुमारे २.८ कोटी टन रद्दी कागद आयात केला. जगाच्या कारखान्याला लागणारी खोकी जगाच्या कचऱ्यातून येत होती.

२३/
जुलै २०१७ मध्ये चीनने जागतिक व्यापार संघटनेला कळवले की, विशिष्ट प्रकारचा परदेशी कचरा यापुढे नको. १ जानेवारी २०१८ पासून न निवडलेल्या मिश्र कागदी रद्दीला बंदी. १ मार्चपासून बाकीच्या कागदी रद्दीत इतर वस्तूंचे प्रमाण ०.५ टक्क्यांहून अधिक चालणार नाही. आणि १ जानेवारी २०२१ पासून घनकचऱ्याची आयातच बंद. पर्यावरणाच्या दृष्टीने निर्णयाला आधार होता, कारण रद्दीच्या गाठींत प्लॅस्टिकपासून वापरलेल्या लंगोटांपर्यंत काय काय निघे. परंतु खोक्यांची गरज कमी झाली नव्हती. रद्दी चालत नसेल, तर रद्दीचा लगदा किंवा कागद करून आणा, ही वाट उरली. ‘नाइन ड्रॅगन्स’ने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मेन आणि विस्कॉन्सिन राज्यांतील जुन्या गिरण्या विकत घेतल्या. थॉम्पसन-नॉरिस जे १८८० च्या दशकात करत होते, तेच; फक्त दिशा उलटी.

२४/
त्या वाटेवर भारतही होता. आपल्या क्राफ्ट गिरण्या मुख्यतः रद्दीवर चालतात; देशी रद्दी पुनःपुन्हा वापरून तंतू आखूड झालेली, म्हणून अमेरिका-युरोपची ‘ओसीसी’ मिसळावी लागते. ती न्हावाशेवा, मुंद्रा अशा बंदरांत उतरते. २०२०-२१ मध्ये चीनच्या बंदीची तारीख जवळ आली, तसे चिनी खरेदीदार भारतीय गिरण्यांकडून कागदाची रिळे उचलू लागले. त्यात करोनाकाळात परदेशांतील रद्दीसंकलन विस्कळीत झालेले आणि कंटेनरची टंचाई. क्राफ्टचे दर भडकले.

२५/
गिरण्यांना निर्यातीचे दार उघडले होते. खोके बनवणाऱ्यांना असे कोणतेच दार नव्हते, कारण धाग्याच्या आरंभी सांगितले ते : रिकामे खोके लांब जात नाही. खोक्याच्या उत्पादनखर्चात सर्वांत मोठा वाटा कागदाचा. त्याचा दर आठवड्यागणिक बदलत होता. खोक्याचा दर मात्र साबण, तेल, बिस्किटे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांशी आधीच ठरलेला. हे धंदे बहुतांशी छोटे आहेत : एखादे पन्हळी पाडणारे यंत्र, खळीची टाकी, पिना मारणाऱ्या बाया-माणसांची रांग. देशभरातील खोके उत्पादकांच्या संघटनांनी क्राफ्ट कागदाच्या निर्यातीवर निर्बंध घालावेत, अशी मागणी केंद्र सरकारकडे केली.

२६/
त्या मागणीतली अडचण इतिहासाच्या विद्यार्थ्याला लगेच दिसेल. गिरणीवाला आपली निर्यात टनांत आणि डॉलरांत दाखवू शकत होता. सदर ४८०४, ४८०५, तयार आकडे. खोकेवाला म्हणत होता की, द्राक्षांची, औषधांची, कपड्यांची निर्यात आमच्या खोक्यांतूनच होते. ते खरे होते. पण त्याच्यापाशी दाखवायला सदर नव्हते; पाचव्या नियमाने ते केव्हाच द्राक्षांच्या, औषधांच्या आणि कपड्यांच्या नावे जमा केले होते.